न निघणारे लाइनटाइप आणि ऑटोकॅडची ‘पर्ज’ कमांड

मार्चअखेरची गडबड होती. एका पाणीपुरवठा योजनेची बावीस शीटं दुसऱ्या दिवशी सकाळी प्लॉट करून, म्हणजे कागदावर छापून, द्यायची होती आणि त्यातली एक फाइल उघडायलाच चार मिनिटं घेत होती. गावाचा साधा नकाशा. रस्ते, घरं, ओढा, उंच टाकी आणि आमच्या पाइपच्या रेघा. असल्या फाइलचं वजन एरवी सातशे-आठशे केबी असतं, ही तेवीस एमबीची झाली होती. दोन रेघा कॉपी करायला कंट्रोल-सी दाबलं की कर्सर नुसता फिरत राहायचा. शेजारी बसलेला आमचा अप्रेंटिस म्हणाला, “ताई, माझ्या मशिनवर उघडून बघू का?” तिथंही तेच झालं.

लाइनटाइपची, म्हणजे रेघांच्या प्रकारांची, यादी उघडली तर ती खाली खाली जातच राहिली. चारशेच्या वर नावं. त्यातले आम्ही वापरत होतो सहा. बाकीचे निवडून डिलीट दाबलं की निघत नव्हते, पर्ज, म्हणजे वापरात नसलेलं काढून टाकणारी कमांड, दिली की यादी जराशी कमी होऊन परत तिथेच थांबत होती.

मी नाशिकला एका छोट्या ऑफिसात ड्राफ्टिंग करते. आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल हा ट्रेड केला, त्याला आता सोळा वर्षं झाली. सर्व्हेवाले, स्ट्रक्चरवाले, इतर सल्लागार अशा सगळ्यांच्या फाइली शेवटी माझ्या टेबलावर येतात आणि त्यातून एकसारखी शीटं काढणं हे माझं काम. म्हणून हा अभिप्राय ऑटोकॅड या नकाशे काढण्याच्या पूर्ण सॉफ्टवेअरवर नाही. त्यातल्या एकाच कमांडवर, पर्जवर आहे, आणि ती अडली की माणसं जे इतर उपाय करतात त्यांच्यावर. मी विशेषतः २०२० च्या आवृत्तीपासून आलेल्या नव्या पर्ज खिडकीबद्दल बोलणार आहे, कारण त्याआधीची आणि नंतरची अशा दोन्ही मी रोज वापरल्या आहेत.

कुणी म्हणेल, यादीत चार नावं जास्त असली तर काय बिघडलं? आमच्या कामात बरंच बिघडतं. आमच्या शीटवर अस्तित्वातली जलवाहिनी तुटक रेघेनं आणि प्रस्तावित जलवाहिनी अखंड रेघेनं दाखवतात. साइटवरचा माणूस ती रेघ बघून खोदतो. यादीत तुटक रेघेची अकरा नावं असली की नवा मुलगा त्यातलं पहिलं दिसेल ते उचलतो. पडद्यावर ती तुटक दिसते, शीटवर मात्र फटी इतक्या बारीक येतात की रेघ अखंड वाटते. आयटीआयमध्ये आम्हाला रेघांचे प्रकार अक्षरांनी शिकवले होते, ‘जी’ म्हणजे मध्यरेषेची बारीक साखळी रेघ, ‘ए’ म्हणजे जाड अखंड रेघ. पेन्सिल बदलून बदलून सरांनी ते हातात बसवलं. रेघेला अर्थ असतो हे तिथे डोक्यात गेलं ते कायमचं.

लाइनटाइप म्हणजे मुळात फार साधी गोष्ट आहे. ऑटोकॅडबरोबर दोन साध्या मजकुराच्या फाइली येतात, एकॅड डॉट लिन इंचांच्या ड्रॉइंगसाठी आणि एकॅडआयएसओ डॉट लिन मिलिमीटरच्या ड्रॉइंगसाठी. नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतात. ‘हिडन’ या रेघेची व्याख्या पहिलीत ०.२५ आणि उणे ०.१२५ अशी आहे, दुसरीत ६.३५ आणि उणे ३.१७५. अधिक आकडा म्हणजे पेन खाली, उणे आकडा म्हणजे पेन वर, शून्य म्हणजे ठिपका. दुसरे आकडे म्हणजे पहिल्यांना २५.४ नं गुणलेलं, बाकी काही नाही. पण नाव दोघांचं एकच! इंचातला ‘हिडन’ मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये शिरला की त्याच्या फटी पंचवीसपट बारीक होतात. आणि एका ड्रॉइंगमधून दुसऱ्यात पेस्ट करताना नाव तेच असेल तर जिथे पेस्ट करतो तिथली व्याख्या टिकते, येणाऱ्याची नाही. म्हणून नको असलेला लाइनटाइप वेळेवर काढून योग्य फाइलमधून परत लोड करणं हे माझ्यासाठी शीट बरोबर येण्याचं काम आहे.

आता त्या तेवीस एमबीकडे येते.

ती फाइल मूळची ऑटोकॅडची नव्हती. रस्त्याच्या एका सल्लागारानं ती मायक्रोस्टेशन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काढली होती, म्हणजे डीजीएन फाइल. मायक्रोस्टेशनमध्ये शून्य ते सात अशा ठरावीक रेघा असतात आणि त्याशिवाय हव्या तशा खास रेघा बनवता येतात, ज्यात तुटक तुकडे, ठिपके, चिन्हं असे भाग एकमेकांत गुंफलेले असतात. डीजीएन फाइल ऑटोकॅडमध्ये आयात केली की या खास रेघांचे भागही आत येऊन एका वेगळ्या कप्प्यात बसतात. लाइनटाइपची जी यादी आपल्याला दिसते तिच्यात हा कप्पा नसतो. अशा ड्रॉइंगमधून काहीही कॉपी-पेस्ट केलं की तो कप्पा मागोमाग नव्या ड्रॉइंगमध्ये येतो. तिथून तिसऱ्यात. प्रत्येक वेळी भागांच्या नव्या प्रती. रेघ पुसली तरी भाग मागे राहतात. एका फाइलचा संसर्ग आठवड्याभरात पूर्ण प्रोजेक्टच्या फोल्डरला कसा होतो, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

या त्रासावर पहिला खरा इलाज ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीतल्याच कीन वॉल्म्सली यांनी डिसेंबर २०१२ मध्ये लिहून सगळ्यांसाठी खुला केला. ‘डीजीएनपर्ज’ नावाची एक कमांड. पुढे कंपनीनं ती अधिकृत दुरुस्तीबरोबर दिली, आणि त्या दुरुस्तीत कॉपी-पेस्टमुळे भाग वाढत जाणं थांबवणारी फाइलही होती. मी ही कमांड जुन्या ऑफिसात काही वर्षं वापरली आणि तिच्याबद्दल मला आजही आदर आहे. फुकट होती, एकच काम करायची आणि ते नीट करायची. ती कुणाची वापरात असलेली रेघ उचकटत नसे, आधी कुठला भाग कुठे वापरलाय ते तपासून उरलेलेच काढत असे. अडचण चालवण्याची होती. नेटलोड ही कमांड देऊन तिची डीएलएल, म्हणजे जोड-प्रोग्रामची, फाइल दर वेळी चढवायला लागायची. इंटरनेटवरून उतरवलेली डीएलएल विंडोज अडवून ठेवतं, तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ केल्याशिवाय ती चढतच नाही. हे न कळल्यामुळे माझा एक पूर्ण दिवस गेला होता. आणि ज्या ऑफिसात ऑटोकॅड एलटी, म्हणजे ऑटोकॅडची कमी सोयींची स्वस्त आवृत्ती, आहे तिथे ही कमांड चालतच नाही, कारण एलटीमध्ये अशी डीएलएल चढवण्याची सोय नाही. लहान ऑफिसांत एलटीच जास्त असते, हे इथे लक्षात घ्यायला हवं.

आता हेच काम पर्जच्या आत आलं आहे. खिडकीत ‘ऑटोमॅटिकली पर्ज ऑर्फन्ड डेटा’, म्हणजे मागे राहिलेले बेवारस भाग आपोआप काढा, अशी एक टिक आहे. कमांडलाइनवर करायचं तर पर्जच्या आधी वजाचं चिन्ह टाइप करायचं, मग ‘ओ’. त्या मार्चच्या रात्री मी आधी फाइलची प्रत काढली, हे करून बघितलं आणि सेव्ह केलं. फाइल तेवीस एमबीच दिसली. अप्रेंटिसचा चेहरा पडला.

इथे बरेचजण फसतात आणि पर्ज निकामी आहे असं ठरवून मोकळे होतात, म्हणून जरा थांबून सांगते. ऑटोकॅड दर सेव्हला पूर्ण फाइल नव्यानं लिहीलच असं नाही. आयसेव्हपर्सेंट नावाचं एक व्हेरिएबल आहे, त्याची मूळ किंमत ५०. म्हणजे फाइलमधली वाया गेलेली जागा त्या टक्केवारीपर्यंत पोचेस्तोवर सेव्ह लवकर उरकलं जातं आणि मोकळी झालेली जागा फाइलमध्ये तशीच राहते. ते शून्य करायचं आणि परत सेव्ह करायचं. आम्ही केलं. फाइल आठशे साठ केबीवर आली. बंद करून पुन्हा उघडली, तर डोळ्याची पापणी लवते न लवते तोच समोर.

या एका टिकसाठीच मी पर्जला पाचपैकी पाच देईन. ज्यांच्याकडे रस्ते, रेल्वे, मेट्रो अशा कामांच्या फाइली येतात, त्यांनी बाहेरची फाइल उघडल्यावर पहिलं हेच करावं, तिच्यातून एकही रेघ कॉपी करण्याच्या आधी.

पण वजन उतरलं तरी यादीत एकतीस नावं उरली होती, आणि ही दुसऱ्या जातीची. यांना कुणीतरी धरून ठेवलेलं असतं. सोळा वर्षांत मला एवढं पक्कं कळलं आहे की न निघणारा लाइनटाइप हट्टी नसतो, त्याला धरणारा आपल्याला दिसत नसतो. आणि म्हणूनच नवी पर्ज खिडकी मला जुनीपेक्षा फार चांगली वाटते. जुन्या खिडकीत काय काढता येणार नाही याची यादी दिसायची आणि खाली एक सर्वसाधारण वाक्य. नवीत ‘फाइंड नॉन-पर्जेबल आयटम्स’ वर गेलं की नावावर क्लिक केल्यावर शक्य असलेली कारणं दिसतात, आणि ‘सिलेक्ट ऑब्जेक्ट्स’ दाबलं की तो लाइनटाइप वापरणाऱ्या वस्तूच निवडून समोर आणून ठेवते. एकतीसपैकी अकरा नावं तर अशीच दहा मिनिटांत गेली. कुठे गोठवून दिसेनाशा केलेल्या लेअरवर, म्हणजे ड्रॉइंगच्या एका थरावर, विसरलेली एक रेघ, कुठे शीटच्या चौकटीबाहेर दूर पडलेली चार अक्षरांएवढी आकृती.

काही नावं रिकाम्या लेअरनं धरली होती. लेअरवर एकही रेघ नसली तरी तिला नेमून दिलेला लाइनटाइप वापरात आहे असंच धरलं जातं. आधी लेअर काढा, मग लाइनटाइप निघतो. ‘पर्ज नेस्टेड आयटम्स’ ही टिक याचसाठी आहे, ती करायला विसरलं की तीनतीनदा पर्ज दाबत बसावं लागतं. मजकूर असलेल्या रेघांची साखळी तर उलटी जाते. ‘गॅस’ असं मध्ये मध्ये लिहिलेली रेघ एका टेक्स्ट स्टाइलला, म्हणजे अक्षरांच्या ठरवलेल्या वळणाला, धरून ठेवते. टेक्स्ट स्टाइल का निघत नाही म्हणून आम्ही सगळी अक्षरं तपासली होती, आणि धरणारी निघाली ती रेघ.

ज्या नावांत मध्येच डॉलर, शून्य, डॉलर असं दिसतं ती एक्सरेफ बाइंड केल्याची खूण. कुणाचं तरी ड्रॉइंग जोडलेलं होतं, ते आत विरघळवलं आणि त्याचे सगळे लाइनटाइप जुन्या फाइलचं नाव पुढे लावून आत राहिले. जोडलेलं असतानाच्या नावात उभी रेघ असते. ती उभी रेघ दिसली तर पर्जच्या नादी लागू नका, ते नाव एक्सरेफ काढल्याशिवाय जाणार नाही.

ब्लॉकमधले, म्हणजे अनेक रेघा बांधून एकच वस्तू केलेल्या चिन्हांतले, लाइनटाइप हे सगळ्यात जास्त वेळ खाणारं प्रकरण. आमच्या स्लुइस व्हॉल्व्हच्या ब्लॉकमध्ये आत आणखी एक ब्लॉक होता आणि त्यातल्या एका तिरप्या रेघेला थेट लाइनटाइप दिलेला होता. गुणांवरून वस्तू निवडणाऱ्या क्यूसिलेक्टनं शोधून ती सापडत नाही, ते ब्लॉकच्या आत शिरतच नाही. ती रेघ आमच्या अप्रेंटिसनं शोधली, ब्लॉक एडिटरमध्ये एक एक उघडून. असे पाच ब्लॉक निघाल्यावर मी सेटबायलेअर वापरली. ही कमांड वस्तूंना थेट दिलेले गुण काढून त्यांना लेअरच्या ताब्यात देते आणि शेवटी विचारते की ब्लॉकच्या आतही करू का. हो म्हणायचं. पण त्याआधी तिच्या सेटिंग्जमध्ये जाऊन फक्त लाइनटाइपवर टिक ठेवा, नाहीतर रंगही बदलतात, आणि आमच्यासारखं रंगावरून रेघेची जाडी ठरवून प्लॉट करणाऱ्यांचं पूर्ण शीट बिघडतं.

रात्री पावणेअकराला एक नाव उरलं. ‘सेंटर२’ आणि त्याच्या पुढे त्या जुन्या फाइलचं लांबलचक नाव. वस्तू नाही, लेअर नाही, ब्लॉक नाही. डायमेन्शन स्टाइलमध्ये रेघेला वेगळा लाइनटाइप देता येतो, तिथे बघितलं. मल्टिलीडर स्टाइल, मल्टिलाइन स्टाइल बघितली. लेआउटच्या, म्हणजे छापायच्या पानाच्या, खिडकीपुरता (व्ह्यूपोर्टपुरता) लेअरचा लाइनटाइप बदलून ठेवता येतो, तर तेही सगळ्या शीटांवर तपासलं. चालू लाइनटाइप बायलेअर, म्हणजे लेअरचा तोच, होता. शेवटी लेअर स्टेट मॅनेजर उघडला. आमच्या आधी काम केलेल्यांनी जतन केलेल्या नऊ लेअर स्टेट तिथे होत्या. ड्रॉइंगमध्ये ज्यांचा आता मागमूस नाही अशा लेअरच्या अवस्था त्यांनी सांभाळून ठेवल्या होत्या, आणि त्याबरोबर तो लाइनटाइप. नऊही काढल्या, पर्ज केलं, नाव गेलं. या एका नावापायी एक तास चाळीस मिनिटं गेली. माझी एक तक्रार आहे ती इथेच. खिडकी शक्य असलेली कारणं सांगते, पण अशा आडजागी धरणारा नेमका कोण हे मला तिच्यातून कळलं नाही, एकेक दार मलाच ठोठवावं लागलं. वस्तूंच्या बाबतीत जितकं नेमकं बोट ती ठेवते तितकंच स्टाइल आणि लेअर स्टेटच्या बाबतीत ठेवलं, तर आमच्यासारख्यांच्या किती रात्री वाचतील.

आता इतर उपाय थोडक्यात. डब्ल्यूब्लॉक करून नवी फाइल काढणं हा सगळ्यात जुना उपाय, माझ्या पहिल्या सरांनी मला हाच शिकवला. जे वापरात आहे तेवढंच नव्या फाइलमध्ये जातं. आजही उपयोगी आहे, पण वस्तू निवडून डब्ल्यूब्लॉक केलं की लेआउट मागे राहतात, आणि शीटाचं नाव, चौकट, व्ह्यूपोर्ट सगळं परत बसवावं लागतं. एकाच मॉडेलची फाइल असेल तर करावं, बावीस शीटांच्या कामात नको. शिवाय वापरात असलेला लाइनटाइप त्यानंही जात नाही, तो नव्या घरात जाऊन बसतो.

दुसरा उपाय लिस्पची, म्हणजे ऑटोकॅडमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेची, एक ओळ. डीजीएन रेघांचा तो कप्पाच ड्रॉइंगच्या मुळातून उपटून टाकायचा. झटपट होतं हे खरं. पण वापरात असलेल्या आणि नसलेल्या भागांत ती ओळ फरक करत नाही, आणि ड्रॉइंगमध्ये डीजीएनच्या खास रेघा खरोखर वापरल्या असतील तर त्या मोडतात. मी हे फक्त प्रतीवर आणि फक्त पर्जचा ऑर्फन्ड डेटा कमी पडला तरच करते, आणि त्यानंतर ऑडिट, म्हणजे फाइलमधल्या चुका तपासणारी कमांड, दिल्याशिवाय ती फाइल कुणाला देत नाही. एलटीवाल्यांसाठी सांगायचं तर लिस्प त्यांना २०२४ च्या आवृत्तीपासूनच मिळालं आहे, त्याआधीच्या एलटीत ही ओळ चालणार नाही.

आणखी एक गोष्ट पर्जच्या खिडकीत नाही. रेगअ‍ॅप, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरनी ड्रॉइंगवर सोडलेली आपल्या नावांची नोंद, ही कमांडलाइनवरच्या वजा-पर्जमधून ‘आर’ देऊन वेगळी काढायला लागते. लाइनटाइपशी तिचा थेट संबंध नाही, पण बाहेरून आलेल्या फाइलीत हा केर हमखास असतो आणि तो काढल्यानं उघडण्याचा वेळ कमी होतो.

लाइनटाइपच्या यादीत शेवटी बायलेअर, बायब्लॉक आणि कंटिन्युअस ही तीन नावं राहणारच, त्यांच्यामागे लागू नका. आमच्या फाइलीत ती तीन आणि आमचे सहा मिळून नऊ उरली. ‘हिडन’ मी मिलिमीटरच्या फाइलमधून नव्यानं लोड केला, पेपरस्पेसच्या, म्हणजे छापायच्या कागदाच्या, मापाला जुळवला, आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर एक शीट ए-३ वर काढून बघितलं. अस्तित्वातली जलवाहिनी तुटक आली. फटी हातभर अंतरावरून दिसत होत्या. सकाळी साडेनऊला बाविसावं शीट प्लॉटरमधून बाहेर आलं, तेव्हा अप्रेंटिस ती स्वच्छ केलेली फाइल आमच्या टेम्प्लेटच्या फोल्डरमध्ये ठेवत होता आणि संसर्ग झालेल्या जुन्या फाइलींची नावं वहीत लिहून घेत होता. सतरा होत्या.